दालन कोणाचे? जपानी भोजनगृहातील वाढप्यांचा इतिहास

१/
एदो म्हणजे आजचे टोकियो. तेथे आसाकुसाजवळ ‘याओझेन’ नावाचे एक प्रतिष्ठित भोजनगृह होते. एकोणिसाव्या शतकातील एका आठवणवजा लेखनात त्याची एक कथा येते. काही शौकीन मंडळी तेथे गेली आणि त्यांनी फक्त चहा-भात व लोणचे मागितले. त्यासाठी त्यांना अर्धा दिवस थांबावे लागले. जेवण अप्रतिम होते. मात्र हिशेब आला एक ऱ्यो दोन बू, म्हणजे दीड ऱ्यो. एका ऱ्योत एका माणसाचा वर्षभराचा तांदूळ येतो, असा त्या काळचा ढोबळ हिशेब होता. मालकाने कारण सांगितले : या चहाला साजेसे पाणी आणण्यासाठी तामा नदीवर खास जासूद धाडला होता.

२/
कथा खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यात मालक आहे, चहा आहे, नदी आहे, धावणारा जासूदही आहे. पण भुकेली माणसे अर्धा दिवस दालनात बसून होती आणि उठून गेली नाहीत, ते कोणामुळे? त्यांना कोणी बसवले, मध्येच येऊन कोणी विचारपूस केली, हिशेबाचा कागद कोणी पुढे ठेवला? कथा याविषयी गप्प आहे. जपानी पाककलेच्या इतिहासातही बहुधा हेच मौन आढळते. हा धागा त्या मौनातील माणसांविषयी आहे.

३/
सप्टेंबर २०१३ मध्ये ब्युनॉस आयरेस येथे टोकियोने ऑलिंपिकसाठी दावा मांडला, तेव्हा ‘ओमोतेनाशी’ हा शब्द जगभर गाजला. अर्थ आतिथ्य. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानी आहारपरंपरा ‘वाशोकू’ युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तेव्हापासून हे आतिथ्य म्हणजे जपानी मनाचा सनातन गुण, असे सांगितले जाऊ लागले. इतिहासाचा विद्यार्थी ‘सनातन’ हा शब्द ऐकताच सावध होतो. या आतिथ्यामागे ठोस कारणे आहेत : एक लहान खोली, पुरुषांनी भरलेले एक शहर, उधारीची एक पद्धत, राजकारण्यांची गुपिते आणि स्त्रियांचे श्रम.

४/
आधी खोली. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या नावाशी जोडलेले ‘ताइआन’ हे चहागृह क्योटोजवळ यामाझाकी येथे आजही उभे आहे. खोली अवघ्या दोन तातामी चटयांची, म्हणजे सुमारे पस्तीस चौरस फुटांची. प्रवेशद्वार इतके बुटके की आत सरपटतच जावे लागते. योद्ध्याने तलवार बाहेर टांगायची, मग डोके झुकवून आत शिरायचे. बाहेरची प्रतिष्ठा उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही वास्तुशास्त्रीय युक्ती होती. याच रिक्यूला १५९१ मध्ये सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या आज्ञेने आत्महत्या करावी लागली. बाहेरची सत्ता बाहेरच राहिली नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

५/
या खोलीत चहापूर्वी साधे जेवण असे : भात, एक सार आणि तीन पदार्थ. त्यालाच ‘काइसेकी’ म्हणू लागले. यजमान स्वतः ताट आणून पाहुण्यापुढे ठेवी, स्वतः वाढी. मात्र त्यांच्या पंक्तीला बसून जेवत नसे. पाहुण्यावरही बंधने होती. पानात काही टाकायचे नाही, जेवण झाल्यावर वाटी सोबतच्या कागदाने पुसून ठेवायची. आतिथ्य ही दोन्ही बाजूंनी पाळायची शिस्त होती. वाढणारा आणि घर चालवणारा एकच माणूस होता आणि पैशाचा प्रश्न नव्हता. पुढचा सारा इतिहास या दोन गोष्टी बदलल्याचा आहे.

६/
‘इचिगो इचिए’, म्हणजे प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच घडणारी असे मानून वागणे. हे सूत्र रूढ केले ईई नाओसुके याने, १८५८ च्या सुमाराच्या आपल्या चहाविषयक ग्रंथात. पाहुणे निघाले की दारे खडखडा लावू नयेत, ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहावे, मग परत येऊन एकट्याने शांत बसावे, असे तो सांगतो. हाच नाओसुके शोगुनाचा सर्वोच्च मंत्री होता. विरोधकांना त्याने निर्दयपणे चिरडले आणि १८६० मध्ये एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्याची हत्या झाली. आतिथ्याचे कोमल तत्त्वज्ञान आणि कठोर सत्ता एकाच हातात नांदू शकतात.

७/
आता शहर. १६३५ पासून सरदारांना आलटून पालटून एदोत राहणे सक्तीचे झाले. त्यांच्यामागे शिपाई, कारकून, कारागीर आले. अठराव्या शतकात वस्ती दहा लाखांच्या घरात गेली आणि तिच्यात कुटुंबाविना राहणाऱ्या पुरुषांचे प्रमाण मोठे होते. १६५७ च्या महाभयंकर आगीनंतर शहर पुन्हा बांधायला मजूर लोटले. त्यांना जेवायला कोण घालणार? याच सुमारास आसाकुसाच्या देवळासमोर चहात शिजवलेला भात, टोफूचे सार, उकडलेले पदार्थ आणि कडधान्य असे ताट विकणारे दुकान निघाले. जपानमधील आरंभीच्या भोजनगृहांत त्याची गणना होते.

८/
शंभर वर्षांत चित्र पालटले. १७६०-७० च्या दशकांत सुसाकी येथील ‘मासुया’सारखी बागा, स्वतंत्र दालने आणि उंची भांडी असलेली भोजनगृहे उभी राहिली. त्यांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक कोण? सरदारांचे एदोतील प्रतिनिधी, म्हणजे आपल्या भाषेत वकील. हे वकील येथे जमत, बातम्यांची देवघेव करत आणि खर्च आपापल्या संस्थानाच्या नावे टाकत. उंची जेवण, बंद दालन आणि दुसऱ्याच्या तिजोरीतून भागणारा खर्च ही त्रिपुटी तेव्हाच जुळली. पुढची दोनशे वर्षे ती टिकली.

९/
१८२२ पासून ‘याओझेन’च्या मालकाने पाककृतींचा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. त्यासाठी होकुसाईसारख्या चित्रकारांनी चित्रे काढली. पुढे हिरोशिगेने एदोतील नामवंत भोजनगृहांची चित्रमालिकाच केली. अशा चित्रांत पाहुणे निवांत बसलेले दिसतात आणि स्त्रिया तबके घेऊन वावरताना दिसतात. भोजनगृहाचे नाव ठळक अक्षरांत असते. तबक घेतलेल्या स्त्रीचे नाव कुठेही नसते.

१०/
काही नावे उरली, पण ती सौंदर्यामुळे. १७६० च्या दशकात यानाका येथील कासामोरी देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर ओसेन नावाची मुलगी चहा देत असे. सुझुकी हारुनोबूने तिची चित्रे काढली आणि तिला पाहायला गर्दी लोटू लागली. काही वर्षांत ती अचानक दिसेनाशी झाली. तिने शोगुनाच्या एका सेवकाशी लग्न केले होते. चहा ठेवणारा हात विक्रीस मदत करतो, हे व्यापाऱ्यांनी ओळखले होते. मात्र ते कौशल्य म्हणून मोजले गेले नाही. गिऱ्हाइकाने ते रूप म्हणूनच पाहिले.

११/
याची काळी बाजू हमरस्त्यांवर होती. टप्प्याटप्प्यावरच्या पथिकाश्रमांत ‘मेशिमोरी-ओन्ना’ असत. शब्दशः अर्थ ‘भात वाढणारी बाई’. प्रत्यक्षात त्यांपैकी कित्येकींना कर्जापोटी देहविक्रय करावा लागे. त्यांची संख्या इतकी वाढली की १७१८ मध्ये शोगुनशाहीने एका पथिकाश्रमात दोनच असाव्यात असा नियम केला. ‘वाढणारी’ या शब्दावर अशी सावली पडली होती. पुढच्या काळात प्रतिष्ठित घरांनी वाढणाऱ्या स्त्रीच्या पोशाखावर, बोलण्यावर, बसण्या-उठण्यावर इतके काटेकोर नियम का घातले, ते या पार्श्वभूमीवर समजते. त्या नियमांत शिष्टाचार होता, तशीच ‘हे घर वेगळे’ अशी ग्वाहीही होती.

१२/
या उंची घरांना पुढे ‘ऱ्योतेई’ म्हणू लागले. त्यांची रचना पाहिली म्हणजे कामाचे स्वरूप कळते. प्रत्येक मंडळीला स्वतंत्र दालन. स्वयंपाकघर दूर, मध्ये लांब मार्गिका. आचाऱ्याला पाहुणा दिसत नाही आणि पाहुण्याला आचारी. दोघांमधला एकमेव दुवा म्हणजे ‘नाकाई’, वाढणारी स्त्री. कोणी भरभर जेवतो, कोणी साकेचा पेला हातातच धरून बसतो, कोणी भाजलेला मासा अर्धा ठेवला, ही खबर तीच आत नेते. पुढचे ताट केव्हा लावायचे, ते आचारी या खबरीवर ठरवतो.

१३/
हे बारकावे का महत्त्वाचे? कारण काइसेकी जेवण म्हणजे एकामागून एक येणारी आठ-दहा पात्रे. आरंभीचा घास, झाकणाच्या वाटीतले सार, कच्चा मासा, भाजलेले, उकडलेले आणि शेवटी भात, लोणचे, मिसो सार, फळ. साराचे झाकण उघडताच येणारी वाफ हाच त्याचा अर्धा स्वाद असतो. वाटी दोन मिनिटे उशिरा पोचली तर आचाऱ्याचे श्रम वाया. लवकर पोचली तर पाहुण्यांचे बोलणे तुटते. घड्याळ कोणी पाहत नाही. वेळ नाकाईच्या अंदाजावर चालते.

१४/
दालनात शिरण्याची रीत ठरलेली. सरकत्या दाराशी गुडघ्यांवर बसायचे, दार टप्प्याटप्प्याने सरकवायचे, नमस्कार करायचा, मग आत. चटईच्या काठपट्टीवर पाऊल पडू द्यायचे नाही. मानाची जागा चित्र व फुले मांडलेल्या कोनाड्यासमोर, दारापासून सर्वांत दूर. कनिष्ठ माणूस दाराजवळ. आलेल्यांत ज्येष्ठ कोण, हे नाकाईला ते बसण्यापूर्वीच कळावे लागते. सरकारी अधिकारी आणि कंत्राटदार एकत्र आले असतील तर बसण्याचा क्रम चुकणे म्हणजे व्यवहार बिघडणे.

१५/
दाराशी आणखी एक माणूस असे : ‘गेसोकुबान’, म्हणजे पादत्राणे सांभाळणारा. पाहुणा आला की चपला-जोडे उचलून ठेवायचे आणि निघताना न विचारता नेमका तोच जोड पुढे मांडायचा. कोण आत आहे, कोण कोणाबरोबर आले, कोण आधी निघाले, हे सारे त्याला जोड्यांवरून ठाऊक. एखाद्या हेराला हेवा वाटावा असे ज्ञान, आणि ते मनातच ठेवणे हा त्याच्या कामाचा पहिला नियम.

१६/
या साऱ्यांवर ‘ओकामी’. हा शब्द लिहिताना ‘स्त्री’ आणि ‘सेनापती’ ही दोन चिन्हे जोडतात. बहुधा ती मालकाची पत्नी, मुलगी किंवा सून. काही घरांत स्वतःच मालकीण. स्वयंपाकघर मुख्य आचाऱ्याचे, आणि तो जवळजवळ नेहमी पुरुष. दालन ओकामीचे. नाकाईंची नेमणूक व शिकवण, कोनाड्यातील चित्र आणि फुले, पाहुण्यांच्या आवडीनिवडी, वसुली, तक्रारी हे सारे तिच्या हाती. ती प्रत्येक दालनात येऊन नमस्कार करते. ते दर्शन शिष्टाचाराचे असते आणि तपासणीचेही.

१७/
आता उधारी. क्योटोच्या गिओन भागातील ‘ओचाया’, म्हणजे गेइशांच्या मैफिली जेथे होतात ती घरे, अनोळखी पाहुण्याला घेत नाहीत. ‘इचिगेनसान ओकोतोवारी’ : प्रथमच आलेल्यास नकार. बाहेरच्यांना हा उर्मटपणा वाटतो. त्यामागचा व्यवहार मात्र सरळ आहे. जेवण बाहेरच्या आचाऱ्याकडून येते, गेइशा वेगळ्या घरातून येतात, परतीच्या वाहनाची सोय घर करते. हे सगळे पैसे ओचाया आधी चुकवते आणि पाहुण्याकडे हिशेब नंतर पाठवते. म्हणजे घर एक प्रकारची पेढीच चालवत असते.

१८/
मग हमी कोणाची? ज्याने ओळख करून दिली त्याची. नव्या पाहुण्याने पैसे बुडवले किंवा गैरवर्तन केले तर भार आणि नाचक्की त्या जुन्या पाहुण्यावर. त्यामुळे कोणीही उठून वाटेल त्याला सोबत आणत नाही. दुसरा लाभ असा की पाहुणा ओळखीचा असल्याने त्याला काय रुचते, कोणासमोर कोणता विषय काढू नये, हे घराला ठाऊक असते. ‘न सांगता मनातले ओळखणे’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यामागे अशी पिढ्यांची स्मरणवही आहे.

१९/
मेईजी काळानंतर (१८६८–१९१२) टोकियोत शिंबाशी आणि आकासाका येथील ऱ्योतेई मंत्री व उद्योगपतींच्या बैठकांची ठिकाणे झाली. ‘ऱ्योतेईचे राजकारण’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. मंत्रिमंडळातील जागा, पक्षांतले समेट, कंत्राटे यांची बोलणी चटईवर होत. नाकाई आणि ओकामी तेथे असत, ऐकत आणि विसरल्याचे दाखवत. इतिहासकाराची पंचाईत येथे होते : जपानच्या राजकारणातील कितीतरी निर्णयांच्या साक्षीदार असलेल्या या स्त्रियांचा पेशाच न बोलण्याचा. त्यांचे मौन हेच घराचे भांडवल होते.

२०/
युद्धाने दालने बंद केली. फेब्रुवारी १९४४ मध्ये सरकारने निर्णायक युद्धासाठीचे आणीबाणीचे उपाय जाहीर केले आणि उंची भोजनगृहे व गेइशागृहे यांना कुलपे लागली. पराभवानंतरही अन्नटंचाई इतकी की जुलै १९४७ मध्ये वटहुकमाने खाण्यापिण्याच्या बहुतेक जागांवर पुन्हा बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली. परंपरा अखंड चालत आली, असे म्हणताना हा खंड विसरता येत नाही.

२१/
दरम्यान ओसाकात एक शांत क्रांती झाली होती. १९२४ मध्ये ‘हामासाकु’ या भोजनगृहाने आचाऱ्याला पाहुण्यासमोर आणले. मध्ये लाकडी फळी, पलीकडे सुरी, अलीकडे पाहुणा. दालन नाही, मार्गिका नाही. पाहुणा काय खातो ते आचारी स्वतः पाहतो. नाकाईने आत न्यायची खबर आता डोळ्यांपुढेच होती. आज जगभर उंची सुशीगृहांत फळीसमोर बसून जेवण्याचे जे अप्रूप आहे, त्यामागे रस्त्यावरच्या सुशीच्या टपऱ्या आहेत तशीच ही फळीही आहे. वाढणारी नाहीशी झाली नाही. पण मान आचाऱ्याकडे सरकला आणि ती आणखी मागे गेली.

२२/
१९९८ मध्ये वित्त मंत्रालयातील अधिकाऱ्यांच्या खाण्यापिण्याचे प्रकरण गाजले आणि १९९९ मध्ये सरकारी नोकरांसाठी नीतिमत्तेचा कायदा झाला. आर्थिक फुगा आधीच फुटला होता. दुसऱ्याच्या तिजोरीतून जेवणारे गिऱ्हाईक ओसरू लागले. एदोच्या वकिलांपासून चालत आलेली ती त्रिपुटी मोडली आणि अनेक जुनी घरे बंद पडली.

२३/
नोव्हेंबर २००७ मध्ये मिशेलिनची टोकियोविषयीची पहिली मार्गदर्शिका आली. १५० भोजनगृहांना मिळून १९१ तारे. मिशेलिनचे तारे केवळ ताटातील अन्नासाठी असतात. सेवा त्यात धरली जात नाही. नेमक्या त्याच दिवसांत ओसाकात ‘सेनबा किच्चो’ हे नामांकित घर कोसळत होते. युकी तेइइची याने १९३० मध्ये ओसाकात स्थापलेल्या किच्चोची १९९१ मध्ये वारसांत वाटणी झाली. त्यातून निघालेल्या स्वतंत्र कंपन्यांपैकी ही एक. बाकीच्या घरांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता.

२४/
आधी मुदत उलटलेल्या मिठाया विकल्याचे उघड झाले. कंपनीने प्रथम दोष दिला तो विक्रीच्या फळीवर अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांना. त्या स्त्रियांनी तो जाहीरपणे नाकारला. डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत शेजारी बसलेली ओकामी मुलाला उत्तरे कुजबुजून सांगताना ध्वनिक्षेपकावर ऐकू आली. जानेवारी २००८ मध्ये घर न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेले आणि तीच ओकामी प्रमुख म्हणून उभी राहिली. मे महिन्यात कळले की पाहुण्यांनी न शिवलेले पदार्थ पूर्वी दुसऱ्या पाहुण्यांना पुन्हा वाढले गेले होते. २८ मे २००८ रोजी घर कायमचे बंद झाले.

२५/
या प्रसंगात सगळा इतिहास एकवटला आहे. बंद दालनातील पाहुणा स्वयंपाकघर पाहू शकत नाही. वाढणारीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. जे घर त्या विश्वासावर उभे होते त्यानेच संकट येताच सर्वांत खालच्या वाढणारीला पुढे ढकलले. रिक्यूच्या खोलीत वाढणारा आणि उत्तर देणारा एकच होता. व्यापार आल्यावर ते दोघे वेगळे झाले : हात एकाचा, नाव दुसऱ्याचे, आणि चूक झाली की पुन्हा हाताचीच.

२६/
म्हणून ‘ओमोतेनाशी’ हा शब्द पुढे आला की त्यामागची माणसे आठवावीत. क्योटोत आजही एखाद्या घराबाहेर ओकामी आणि नाकाई पाहुण्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत उभ्या असतात. नाओसुकेने सांगितलेले ते निरोप घेणे त्या पाळतात. फरक इतकाच की नाओसुकेचा यजमान नंतर एकटा बसून चहा घेत असे. नाकाईला परत जाऊन दालन आवरायचे असते, वाट्या मोजायच्या असतात आणि पुढच्या पाहुण्यांसाठी आसने मांडायची असतात.

धागा समाप्त.